सान रोकेचे कप्तान

आमच्या इमारतीत कुणीही नवं राहायला आलं की तिसऱ्या दिवशी कप्तान वही घेऊन त्याच्या दारात उभे. वहीत चार रकाने: नाव, वाढदिवस, काही झालं तर फोन कुणाला करायचा, आणि मूळ गाव. जर्मनीत असलं काही कुणी करत नाही. इथे लोक दारावर आडनावाची पाटी लावतात आणि त्याहून जास्त विचारलं की ‘डाटेनशुट्झ’ म्हणून माहितीच्या गोपनीयतेचा कायदा तोंडावर मारतात. पण कप्तानांना कुणी नाही म्हटलं नाही, कारण त्यांच्या दुसऱ्या हातात गरम लुम्पियांची ताटली असायची. लुम्पिया म्हणजे भाजी भरलेल्या, बोटभर लांबीच्या, तळलेल्या सुरळ्या.

मी मात्र चिडलेच होते. नोकरीसाठी डार्मश्टाटला येऊन तीन दिवस झालेले, खोकी तशीच पडलेली आणि नवरा ड्रेस्डेनच्या चिप कारखान्यात रुजू झालेला. तो येणार शुक्रवारी, तेही गाडीची कृपा झाली तर. त्यात हे गृहस्थ माझा वाढदिवस विचारतायत!

“माझी माहिती तुम्हाला कशाला हवी?” मी विचारलं.

“तू जिन्यात पडलीस तर खालची फ्राऊ केलर पोलिसांना फोन करेल. मी तुझ्या आईला करीन. आधी खा, मग लिही.”

मी खाल्लं आणि लिहिलं. त्या तीन दिवसांत माझी विचारपूस करणारं दुसरं कुणी भेटलं नव्हतं, हेही खरं.

कप्तान फिलिपिन्सचे. त्यांची बायको लूझताई इथल्या एका इस्पितळात नर्स, तिच्या मागोमाग हे आले. दिवसा एका वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायचे. पण तिकडे ते सलग तीन वेळा निवडून आलेले बरांगाय-कप्तान. बरांगाय म्हणजे त्यांच्या नगरपालिकेचा सगळ्यात लहान तुकडा, साधारण आपली ग्रामपंचायत म्हणा. चौथ्यांदा लागोपाठ उभं राहायला कायद्यानं बंदी, नाहीतर हा माणूस जर्मनीला येताच ना.

“आमची नगरपालिका पाचव्या वर्गातली,” हे ते असं सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं काहीतरी पदक मिळालंय. उत्पन्नावरून वर्ग ठरतो आणि पाचवा म्हणजे जवळजवळ तळ, हे मला लूझताईंनी हसत सांगितलं. जेवायला बसलं की कप्तान ताटातच नकाशा मांडायचे. भाताचा ढीग म्हणजे डोंगर, सोया सॉसची धार म्हणजे नदी, गाजराचा तुकडा म्हणजे नगरपालिकेची कचेरी. मग इतिहास सुरू. आधी हे गाव म्हणजे शेजारच्या मोठ्या गावाची वाडी होती. स्पॅनिश पाद्र्यांनी चर्च बांधलं. कप्तानांच्या आजोबांनी अर्ज घेऊन डोंगर उतरून प्रांताच्या ठाण्याला खेपा घातल्या, तेव्हा कुठे वेगळी नगरपालिका मिळाली. “पण चर्चची घंटा शेजाऱ्यांनी अजून परत केलेली नाही,” असं म्हणून ते काटा आपटायचे. शेवटी अकरा बरांगायांची नावं पाढ्यासारखी म्हणायची, आणि अकरावं नाव आलं की ताटाच्या कडेला, नदीच्या मुखाशी, एक वाटाणा ठेवायचा. तो वाटाणा म्हणजे सान रोके. त्यांचं गाव. तो वाटाणा ते कधी खायचे नाहीत.

मला हे सगळं ऐकून हसू यायचं आणि थोडं कानकोंडंही व्हायचं. माझे बाबा ग्रामसेवक. माझं सगळं बालपण दाखले, शिक्के आणि ओसरीवर ताटकळलेली माणसं यांत गेलं, आणि तिथून कधी एकदा सुटते असं मला झालं होतं. एकदा कप्तानांनी विचारलं, “तुमच्या गावचा सरपंच आत्ता कोण आहे?” मला माहीत नव्हतं.

“मग रस्त्यावरचा दिवा गेला तर शिव्या कुणाला देतेस?”

“मी तिथे राहत नाही, कप्तान.”

“मी तरी कुठे राहतो?” ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

त्यांच्या कप्तानपणाचा खरा अनुभव आला तो चपलांवरून. आपल्या सवयीप्रमाणे मी चपला दाराबाहेर काढायची. फ्राऊ केलरनं घरमालकाच्या कचेरीला पत्र धाडलं: आगीच्या वेळी पळायच्या वाटेत अडथळा. मीही पेटले, उत्तराचं पत्र लिहून तयार! कप्तानांनी दोन्ही पत्रं ताब्यात घेतली. त्यांच्याकडे कायदाच आहे, शेजाऱ्यांचं भांडण कोर्टात जायच्या आधी कप्तानापुढे यायलाच हवं. आम्हा दोघींना त्यांच्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसवलं आणि मध्ये नूडल्सचं पातेलं ठेवलं. पातेलं संपेपर्यंत भांडणाबद्दल बोलायचं नाही, हा नियम. पातेलं संपता संपता कळलं की फ्राऊ केलरचा नवरा त्याच जिन्यात पाय अडकून पडला होता. पुढे माझ्या चपला आत गेल्या, आणि फ्राऊ केलर रविवारी केक पाठवायला लागली. कप्तानांनी वहीत तारीख घालून दोघींच्या सह्या घेतल्या. त्या दिवसापासून ते मला ‘सेक्रेटरी’ म्हणू लागले, आणि दर बुधवारी वाटी घेऊन मीठ मागायला येऊ लागले.

मग गेल्या वर्षी सान रोकेचं ते प्रकरण आलं. समुद्र किनारा खात होता, घरं मागे सरकत होती, तरणी माणसं बाहेर पडत होती. बरांगाय मोडून शेजारच्या मोठ्या बरांगायात विलीन करायचं, असं ठरत आलं. निर्णय गावकऱ्यांच्या मतदानानं होणार. कप्तान रोज सकाळी कामाला जाण्याआधी बाल्कनीतून फोन लावायचे. भाचे, व्याही, जुने पंच, कुणाला सोडलं नाही. “मत द्या, विसरू नका, होडी नसेल तर चालत जा.”

“तुम्हीच का जात नाही?” मी म्हटलं.

“माझं नाव परदेशातल्या मतदारांच्या यादीत आहे. या यादीवर मी देशाचा राष्ट्राध्यक्ष निवडू शकतो, सेक्रेटरी. माझ्या गावाला मत देऊ शकत नाही.” आणि पुढे म्हणाले, “फोनवर मोजत होतो. माझं निम्मं गाव दुबईत आहे, हाँगकाँगला आहे, इथे आहे. गावात गावच नाही.”

थोड्या मतांनी हरले. निकाल कळला त्या दिवशी त्यांनी घड्या घातलेल्या चादरी धुलाईघरातल्या बाईनं परत उलगडायला लावल्या, असं लूझताई म्हणाल्या. पुढच्या जेवणाला नकाशा मांडला तेव्हा कप्तानांनी दहा नावं म्हटली आणि थांबले. वाटाणा ताटात होता. तो त्यांनी खाल्ला. मला रडू आवरेना, म्हणून पाणी आणायला उठले.

या वसंतात लूझताईंना उत्तरेकडच्या शहरात बरी जागा मिळाली. कप्तान खोकी भरत राहिले. निघायच्या सकाळी वही घेऊन माझ्या दारात आले. या वेळी ताटली नव्हती.

“ही तुझ्याकडे. माझं गाव कागदावरून गेलं. या इमारतीतलं जायला नको.”

“मला नाही जमणार हो, कप्तान.”

“ग्रामसेवकाची पोर ना तू?”

गाडी गेली. जिन्यात इतकी शांतता की फ्राऊ केलरचं घड्याळ वरपर्यंत ऐकू येत होतं. मी बाबांना फोन केला, सरपंच कोण ते विचारलं. बाबा तासभर बोलले. इतकं खूश मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग वही उघडली. माझ्या नावापुढे कप्तानांनी स्वतःच्या हातानं एक ओळ जास्तीची लिहिली होती: ‘सोमवार ते गुरुवार एकटी असते. दार वाजवावे.’ म्हणजे दर बुधवारी मीठ मागायला येणारा हा माणूस मिठासाठी येत नव्हता तर! पहिल्या पानावर त्यांचं नाव होतं. नियमानं ते मी आता कमी करायला हवं होतं, शेरा ‘स्थलांतरित’. पण माझी नजर चौथ्या रकान्यावर अडली. तिथलं ‘सान रोके’ त्यांनी पट्टी धरून खोडलं होतं.

बाबांनी लहानपणी मला एक शिकवलं होतं. सरकारी वहीत चुकून काही खोडलं गेलं तर घाबरायचं नाही. वर नीट अक्षरात पुन्हा लिहायचं आणि शेजारी आपली सही करायची, म्हणजे ते ग्राह्य धरतात.

मी वर ‘सान रोके’ लिहिलं, आणि शेजारी सही केली.