पप्पांची सवलत आणि रूथचा न्यूट्रॉन

रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी तिसगावच्या आमच्या घरात स्टुलावर चढून कपाटावरचा कॅरम बोर्ड खाली काढत होतो. पप्पा गेल्यापासून तो तिथेच होता... दोनदा ओल्या फडक्याने आणि एकदा कोरड्या फडक्याने पुसला, तेव्हा कुठे रेषा दिसल्या.

बोर्ड काढायचं कारण होती माझी धाकटी बहीण रूथ. ती नगरला रेडिओथेरपी टेक्निशियनचा कोर्स करते. सोमवारी तिची तोंडी परीक्षा होती, तीही दुसऱ्यांदा.

मागच्या वेळी ती एका प्रश्नावर अडकली आणि घाबरून पुढचंही सगळं विसरली. शिशाची भिंत एक्स-रे अडवते, मग न्यूट्रॉन का अडवत नाही? आणि साधं मेण कसं अडवतं? या वेळी नापास झाली असती तर वर्ष गेलं असतं आणि एका दवाखान्यात तिच्यासाठी राखलेली नोकरीची जागाही. चर्चमधून आल्यापासून ती जेवली नव्हती.

मी बारावी सायन्स, पुढे फक्त एक वर्ष... आता मोटार रिवाइंडिंगचं दुकान बघतो. पण टकरींचा धडा माझा आवडता होता. चुकीचं सांगायला नको, म्हणून सकाळी तो पुन्हा वाचूनही घेतला होता.

आधी स्ट्रायकर समोरच्या फळीवर मारला. तो आपटून परत आला. "हे शिसं," मी म्हणालो. "त्याचं केंद्रक न्यूट्रॉनपेक्षा दोनशे पट जड. न्यूट्रॉन नुसता आपटून फिरतो, वेग जवळपास तसाच."

मग मधोमध एक सोंगटी ठेवली. मेणात हायड्रोजन असतो आणि त्याचा प्रोटॉन न्यूट्रॉनच्याच वजनाचा. सारख्या वजनाला समोरासमोर धडकलं, की न्यूट्रॉन सगळा वेग देऊन टाकतो आणि जागेवर थांबतो.

मारलं. सोंगटी गेली... आणि स्ट्रायकरही तिच्या मागे गेला. परत मारलं, परत तेच.

"तुझा न्यूट्रॉन थांबंना की रे दादा," रूथ म्हणाली. "उद्या माझीबी हीच गत."

"आधी जेवू दे तिला," आई आतून म्हणाली. "तुझं कणबिण राहू दे."

तो धडा मी इतकी वर्षं चुकीचाच समजत होतो की काय...

रूथ मात्र हातातल्या सोंगटीकडे बघत होती. "दादा, माझी मरायची. आठवतंय?"

आठवलं. लहानपणी स्ट्रायकरने तिचं बोट दुखायचं, म्हणून पप्पांनी तिला एकटीला सोंगटीने मारायची सवलत दिली होती. मी नियमावरून भांडायचो. पप्पा बोरिक पावडर भुरभुरत म्हणायचे, "बोट बारकं हाय तिचं. नियम मोठ्या बोटांसाठी असत्यात."

तिची सोंगटी नीट समोर लागली, की तिथेच बसायची. "माझी मरती," म्हणून ती रडायला यायची. पप्पा म्हणायचे, "मरू दे की. समोरचीला जीव देऊन मरती."

रूथने सोंगटीने सोंगटी मारली. टक्... पहिली थांबली, दुसरी निघून गेली.

"स्ट्रायकर जड हाय," ती म्हणाली. "न्यूट्रॉन म्हणून तू ट्रक आणलावतास."

जन्मभर स्ट्रायकरनेच मारलेलं... सोंगटीने मारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग तिने पुस्तक उघडलं. त्या मेणात बोरॉन मिसळतात, मंद झालेला न्यूट्रॉन बोरॉन गिळून टाकतो. बोरिक पावडर म्हणजे बोरॉनचीच; बोर्डाबरोबर खाली काढलेल्या पप्पांच्या त्या डब्याकडे आम्ही दोघंही बघत बसलो.

"गिळतो कसा?" मी विचारलं.

"ते कॅरमवर न्हाई दाखवता येत, दादा. तिथं तुझ्या सोंगट्या संपल्या." एवढं बोलून ती जेवायला उठली.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला. मेणाचाच प्रश्न विचारला होता. तिने आधी परीक्षकांनाच विचारलं, "सर, तुम्ही कॅरम खेळता का?"... पास झाली.

बोर्ड मी परत कपाटावर ठेवलेला नाही. डब्याच्या तळाशी थोडी पावडर आहे, पप्पांच्या हातची. शनिवारी रूथ येणार आहे... स्ट्रायकर तिला देईन, सोंगटीने मी खेळेन.