पोह्यांचे पैसे

नव्वदच्या दशकात पंचवटीत एकाचं कापडाचं दुकान कर्जात बुडालं. आता हा तोंड लपवून गाव सोडणार, असं सगळ्यांना वाटलं. त्याने त्याच बंद दुकानासमोर पोह्यांचा गाडा लावला. मी कचेरीत जाताना रोज तिथे खायचो, पण नाव कधी विचारलं नाही.

ज्यांचं देणं होतं ते व्यापारीही यायचे. एकदा त्यांतले एक शेठ पोहे संपवून म्हणाले, "हे आपल्या देण्यात वळते करून टाक."

त्याने फडक्याला हात पुसून तळवा पुढे धरला. "पैसे द्या शेठ. हप्ता एक तारखेला तुमच्या दुकानी येतोच. हा गाडा बसला तर तुमचंच बुडेल."

शेठ कुरकुरले, पण पैसे दिले. पुढे रोजच देत राहिले.

काही वर्षांनी एका सकाळी शेठनी सवयीने नाणी काढली. त्याने त्यांची मूठ हलकेच मिटवली.

"काल शेवटचा हप्ता पोचला ना? आजचे माझ्याकडून."

शेठ रिकामी बशी धरून उभेच राहिले. मला वाटलं, आज सगळ्यांनाच फुकट. मी निघालो.

समोर तळवा आला. "साहेब, तुमचे?"