वाळूला टेकल्याची वेळ

इम्तियाज गेल्याचा फोन हर्णेहून आला तेव्हा बातमीदाराच्या सवयीने विचारलं गेलं, "कधी?"

पलीकडे इम्तियाजचे वडील, उस्मानचाचा होते. "पहाटंला. नक्की वेळ नाय सांगता येत. माजा डोळा लागला होता."

मूत्रपिंडाचा आजार जुना होता. तरी इम्तियाज जेमतेम पस्तिशीचा.

आमची ओळख कॉलेजातली. आई गेल्यावर वडील एकटे पडले म्हणून तो पुण्याची नोकरी सोडून गावी परतला. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, जगभरचे लोक मिळून लिहितात. त्यातला एक छोटा भाग त्याने अंगावर घेतला होता. संगणकांमधली माहिती लहान लहान पॅकेटांतून जाते. पॅकेट कधी गेलं याची नोंद कर्नल आपल्या सवडीने करतो, म्हणजे थोडी उशिराच. ती वेळ नेटवर्क कार्डानेच, पॅकेट तारेवर जाताना टिपावी आणि कर्नलने ती जशीच्या तशी पुढे द्यावी, एवढंच त्याचं काम. शेजारी चिडवत, "पॅकेट म्हंजे बिस्किटाचा काय रे?" तो हसून किनाऱ्याकडे बोट दाखवी. तिथे संध्याकाळच्या मासळीच्या लिलावात पाळी ठरते ती होडी दिसल्यावर नाही, कोणी ओरडल्यावरही नाही. ज्याची माशांची पाटी आधी वाळूला टेकली, त्याची पाळी. ते बघायला तांडेलकी, म्हणजे होडीचं नायकपण, सोडलेल्या उस्मानचाचांना उभं करत.

एका परदेशी कंपनीने त्याला घरून काम देऊ केलं होतं. अट एकच, हा कोड वेळेत स्वीकारला गेला पाहिजे. नाहीतर पुन्हा पुणं, आणि वडील पुन्हा एकटे. कोड जवळजवळ स्वीकारला गेल्यासारखाच होता. त्याच आठवड्यात मी हर्णेला आलो होतो, आणि आम्ही दोघं लिलावाला गेलो. दोन होड्यांच्या पाट्या एकदमच आल्या आणि भांडण जुंपलं.

"चाचा, बोला की! आमची आधी ना?"

"तंबाखू मळीत होतो. बगितलं नाय."

"अंदाजानं सांगा."

"अंदाज तुजा तू कर. त्याला माजं नाव कशाला लावतोस?"

लोक हसले. इम्तियाज हसला नाही... तो घरी निघाला. त्याच्या लक्षात आलं होतं, नेटवर्क कार्डात एकच वेळ साठवायला जागा होती. दोन पॅकेटं लागोपाठ गेली, तर एकाची वेळ दुसऱ्याला चिकटू शकत होती, आणि त्याचा कोड ती बेलाशक सांगत होता. चाचण्यांत हे कोणालाच दिसलं नव्हतं. त्याने त्याच संध्याकाळी कोड मागे घेतला. कंपनीचं काम गेलं. पुढे त्याने तो दुरुस्त केला. पहिली वेळ वाचून होईपर्यंत दुसरी मागायची नाही; मधलं पॅकेट वेळेविना जाऊ द्यायचं. हा कोड स्वीकारला गेला. पुण्याला मात्र तो गेला नाही. दापोलीतल्या सायबर कॅफेंची नेटवर्कं सांभाळून त्याने घर चालवलं आणि त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

बातमीत आम्ही 'पहाटे निधन झाले' एवढंच छापलं.

काही आठवड्यांनी हर्णेला गेलो. संगणकावर कापड टाकलेलं होतं. खुर्ची खिडकीकडे वळवलेली, त्याला लागायची तशी. चाचा तिच्या शेजारी जमिनीवर बसले होते. भेटायला आलेल्यांपैकी कोणी इम्तियाज गेल्याची वेळ विचारली. चाचांच्या पुतण्याने परस्पर सांगून टाकलं, "साडेचार वाजले असतील."

"तू होतास काय इथं?" चाचा म्हणाले. मग त्यांनी खुर्चीकडे बघितलं. "मी होतो. मी बगितलं नाय."