आंब्याच्या शेडमधून जगाची सैर

सायकलवाल्यांचे किस्से रस्त्यावर घडतात असं मला वाटायचं. पण आमच्या ग्रुपचे सगळ्यात चांगले किस्से घडले ते एका जागी उभ्या असलेल्या सायकलींवर! कुणाच्या लग्नात, बारशात भेटलो की कोणीतरी म्हणतंच, "ती काकींची जपानी बाई सांग ना!" मग एकातून दुसरा निघतो, पंगत उठून जाते, आणि आम्ही आपले तिथेच.

तर आमच्या रत्नागिरीत पाऊस लागला की सायकली पडवीत गंजत पडायच्या. सुहासच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरायची मोठी शेड आहे. मे संपला की ती रिकामी. तिथे त्याने दोन ट्रेनर आणून मांडले. ट्रेनर म्हणजे काय, तर सायकलचं मागचं चाक काढायचं आणि ती एका यंत्रावर बसवायची. समोर टीव्ही, त्यावर जगातल्या कुठल्याही देखण्या रस्त्याचा व्हिडिओ. पाय मारलेत तर रस्ता पुढे सरकतो, थांबलात तर चित्र थांबतं. चढ आला की पेडल जड!

सायकलवर सुहास, मी आणि नलूताई. मी कॉलेजात शिकवते, नलूताई रिटायर्ड नर्स. आणि खुर्ची टाकून बघायला सुहासची आई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या काकी.

*

उद्घाटनाला सुहासने स्वित्झर्लंड लावलं. बर्फाचे डोंगर, नागमोडी उतार. गडी असा रंगला की एका वळणावर सवयीने आत झुकला. रस्ता वळला, सुहास वळला, सायकल तेवढी वळली नाही! धाडकन जमिनीवर.

कोपर सोललं. काकी हळद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मेल्या, पडायचंच होतं तर बाहेर तरी जायचंस. तिथे चिखल मऊ असतो!"

*

नलूताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी सायकल सांगितली होती, पण त्या काही धजत नव्हत्या. एका सकाळी आम्ही त्यांना धरून बसवलंच. समोर नॉर्वे. डोंगरांच्या मध्ये शांत निळं पाणी, काठाने रस्ता.

चित्र जागचं हलेना. नलूताई म्हणाल्या, "नेट गेलं वाटतं."

सुहास हळूच म्हणाला, "ताई, नेट आहे. तुम्ही अजून पाय हलवला नाहीत."

ताईंनी गुडघ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आयुष्यभर पेशंटना सांगत आले, उठा, काही होत नाही. काही होत नाही म्हणे! आज कळतंय मला." डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. मी पाठीवर हात ठेवला. त्यांनी दात आवळून एक पाय दाबला, मग दुसरा. काठावरचं एक लाल घर हळूच मागे सरकलं.

"हललं गो!" ताई ओरडल्या. "नॉर्वे हललं!"

*

एकदा मी आल्प्सचा घाट चढत होते. घामाघूम झाले, माथा दिसायला लागला आणि लाईट गेली! टीव्ही बंद, पंखे बंद, शेडमध्ये नुसता पावसाचा आवाज.

काकी म्हणाल्या, "आता तशीच थांब हो तिथे. परत चढायला नको!"

*

आता जपानी बाई. जपानच्या रस्त्यावर एका खेड्यात एक बाई घरासमोर कपडे वाळत घालताना दिसते. काकींनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आभाळाकडे बघून म्हणाल्या, "कशाला घालतेय? पाऊस येणार."

आठवड्याने सुहासने तोच रस्ता लावला. तीच बाई, तीच चादर. काकी कळवळल्या. "अजून घालतेच आहे? घरात हाताशी दुसरं कोणी नाही काय हिच्या?"

सुहासने सगळं नीट समजावलं. हे चित्रीकरण आहे, केव्हातरी एकदा केलेलं, ती बाई आता तिथे नसेलसुद्धा. काकींनी शांतपणे ऐकून घेतलं. मान डोलावली.

पुढच्या वेळी ते खेडं आलं तशा खुर्चीत पुढे सरकल्या. "सुहास, हळू घे रे. तिच्या धुतल्या चादरीवर चिखल उडवशील!"

*

दुसऱ्या वर्षी शशीभाऊ आले. सावर्ड्याकडे शाळेत मास्तर होते. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, तेव्हापासून रत्नागिरीत मुलीकडे राहतात. मुलगी म्हणाली, "बाबांनी सगळं सोसलं. फक्त सायकल सुटली त्याचं फार लागलं." ही सायकल तर कुठे जातच नाही! मग धडकायची भीती कसली?

शशीभाऊ चढले आणि असे सुटले की आम्ही बघत राहिलो. पण त्यांना देखावाही हवा होता. म्हणाले, "काय दिसतं ते सांगा की!"

सुहास सांगायला लागला, "डावीकडे डोंगर. उजवीकडे डोंगर. पुढे डोंगर."

"अरे, देखावा सांगतोयस की ट्रकमधून माल उतरवतोयस?"

मग काकी सरसावल्या. "खिडकीत तांबडी फुलं लावलीत, पण पडदा धुवायला झालाय. दारात म्हातारा बसलाय, जेवण झालेलं दिसतंय, सुस्तावलाय अगदी."

शशीभाऊ खूश. "हां! आता आलो इटलीत!"

तेव्हापासून ते चालवणार आणि काकी सांगणार असं ठरूनच गेलं.

*

एके दिवशी शशीभाऊ म्हणाले, "जग पुष्कळ झालं. माझा शाळेचा रस्ता दाखवाल काय? घरापासून शाळेपर्यंत नुसते वड. भर मे महिन्यात ऊन लागायचं नाही."

स्वतः काढलेला व्हिडिओही लावता येतो. पावसाने उघडीप दिली तसा सुहास हँडलला मोबाईल बांधून त्या रस्त्याने सायकल चालवून आला. आल्यावर मला बाजूला घेतलं. "वड एकही राहिला नाही गं. रुंदीकरणात सगळे गेले. नुसतं काँक्रीट आणि मधला दुभाजक. काय दाखवू त्यांना?"

"खरं ते सांगून टाकू," मी म्हटलं.

पण दुसऱ्या दिवशी शशीभाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, शाळेला निघाल्यासारखे आले. खरं सांगायचं सोडून मी त्यांना सायकलवर बसवलं. सुहासने खाली बघत व्हिडिओ लावला. काकींना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं.

पडद्यावर करडा, उघडा रस्ता. ऊन नुसतं रणरणत होतं.

"काकी, वड लागले काय?"

काकींनी पडद्याकडे पाहिलं. मग शशीभाऊंच्या तोंडाकडे पाहिलं.

"लागले हो," त्या म्हणाल्या. "केवढी ती सावली! पारंब्या पार रस्त्यावर आल्यात. डोकं सांभाळा!"

शशीभाऊंनी मान खाली घातली. हसत हसत पाय मारत राहिले. घाम गळत होता. काकी सांगत होत्या, खारी, पक्षी, पारंबीला लोंबकळणारी पोरं. सुहास दाराकडे तोंड करून उभा होता.

"ह्या शेवटच्या वडाखाली चहाची टपरी होती. आहे काय हो?"

"आहे तर! आधण ठेवलंन आत्ताच."

"मग थांबतो," शशीभाऊ म्हणाले आणि पाय थांबवले. पडद्यावर रिकामा रस्ता स्थिर झाला. "दोन सांगा. एक तुम्हाला."

काकी उठल्या, घरात गेल्या. शशीभाऊ तसेच सायकलवर, एक पाय खाली टेकून बसून होते. थोड्या वेळाने काकी दोन कप घेऊन आल्या आणि एक त्यांच्या हातात दिला.

शशीभाऊंनी फुंकर घातली. घोट घेतला. जिभेवर जरा घोळवला.

"बरा आहे," ते म्हणाले. "पण आज आलं जरा जास्त घातलंन!"