माझ्या शिलाईला कुणी नावं ठेवीना

दवाखान्यातून परत आले आणि माझ्या शिलाईला गावात कुणी नावं ठेवीना झालं. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईची याहून वाईट दशा दुसरी न्हाई. आमच्या औराद तालुक्यात बायका आधी तोंड वाकडं करतात, मग ब्लाऊज घालून बघतात. मुंढ्यात काखेला काचतंय, पाठीत फुगतंय, उरलेलं कापड कुठं गेलं? एवढं ऐकवल्याबिगर नवं ब्लाऊज त्यांच्या अंगाला लागत न्हाई.

माझ्या आजाराला बिदरच्या डॉक्टरनं इंग्रजी नाव दिलं. मन कधी उसळतं, कधी पार खाली बसतं, गोळी रोज घ्यायची. उसळलं होतं तेव्हाचं सांगायला आता लाज वाटत न्हाई. ऐन लग्नसराईत मी सात जणींची कापडं एकाच मापानं कापली. माप माझं. सगळ्या बाया सारख्याच असतात, हे मला त्या दिवशी लख्ख कळलं होतं. त्यातल्या एकीला तर नुसती बाही चढली, तीपण मनगटापर्यंत. त्यानंतर मी कित्येक महिने भिंतीकडं तोंड करून पडून होते.

गोळ्या लागू पडल्यावर घरचे म्हणाले, आता आराम कर. आराम करून करून माझी पाठ धरली होती. मी मशीन बाहेर काढायला लावली. हात जरासा थरथरायचा, डॉक्टर म्हणाले कमी होईल. मला एकच धास्ती होती, हाताला पहिल्यासारखी सफाई येतीय का न्हाई? ते डॉक्टरला कळत न्हाई, माझं मला कळत न्हाई. गिऱ्हाइकालाच कळतं.

आणि गिऱ्हाइकं नुसती गोड बोलायची. लई छान झालंय म्हणायचं, घडी करायची, पिशवीत घालायचं. एकीची हुकं मी चुकून उलट्या बाजूला लावली, तीपण लई छान. सासूनं गल्लीभर सांगून ठेवलं होतं, तिला काही बोलू नका, डोक्याला ताण येतो. सासूच्या पोटात माया होती, पण माझा जीव गेला त्या मायेत.

एकदा बसस्टँडजवळच्या टेलरकडं दोरा मागायला गेले, तर माझी चार ब्लाऊजं तिथं उसवून पडलेली. माझी टीप मी ओळखणार न्हाई व्हय? बिचाऱ्यानं घाईघाईनं वर पेपर टाकला. मी घरी येईपर्यंत रडले. लोक वेडी म्हणाले तेव्हापण इतकं लागलं नव्हतं.

मग कुणीतरी नाव ठेवावंच, हा माझा हेका सुटेना. पुढच्या ब्लाऊजची एक बाही मुद्दाम दोन बोटं आखूड केली. शाळेतल्या बाईंचं होतं. त्यांनी आरशात बघितलं आणि नवीन फॅशन छान आहे म्हणाल्या. शिकलेल्या बाईची ही तऱ्हा. मीच हात जोडून ते काढून घेतलं अन् नीट करून दिलं.

त्याच आठवड्यात मागच्या गल्लीतली अक्का आली. आल्या आल्या ब्लाऊज मशीनवर आपटलं. मुंढा बसला न्हाई, अस्तर झोळतंय, असं शिवतात व्हय, म्हणून सुरूच झाली. मग माझंपण तोंड सुटलं. माप घेताना पोट आत ओढून कामून उभी राहिली होतीस, विचारलं. पोटाचं काढल्यावर अक्का ऐकते होय? आवाज चढले, शेजारच्या बाया दारात जमल्या.

सासू पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. अक्काचा हात धरून विनवायला लागली, ती आजारी हाय, तिला बोलू नको, मी बसस्टँडवाल्याकडून नीट करून आणते.

अक्कानं हात सोडवून घेतला. "काकू, बाजूला व्हा. मी आजारी माणसाशी बोलायले न्हाई, टेलरशी भांडायलेय. उद्या भाच्याची हळद हाय. त्या बसस्टँडवाल्याला माझा मुंढा काय कळतोय?"

आणि ती उंबऱ्यावर फतकल मारून बसली. मी मुंढा उसवायला घेतला. डोळे सारखे भरून यायचे, टीप दिसेना. अक्कानं माझ्या हातातलं ब्लाऊज बाजूला ओढलं.

"आधी रडून घे," ती म्हणाली, "मग शीव. रेशमी कापड हाय, डाग पडतील."