मासळीची पिशवी

"हिला कायपण दे, गप घेऊन जाते," मासळीवाली मावशी शेजारच्या मासळीवालीला सांगत होती. मी पिशवी उघडून तिच्या समोरच उभी होते.

बंगळूरच्या नोकरीसाठी सामान भरताना आज ती कापडी पिशवी हाती आली. कितीदा धुतली, तरी मासळीचा वास काही गेलेला नाही.

तेव्हा मी नववीत होते. बाबांची मुंबईतली नोकरी सुटली आणि आम्ही रत्नागिरीत आलो. आई एका दुकानात कामाला लागली, म्हणून रविवारचा बाजार माझ्याकडे आला. माझ्या इंग्रजाळलेल्या मराठीला कोणी हसेल या भीतीने मी नुसतं बोट दाखवायचे. आदल्या रविवारचे बांगडे तर घरी पोचेपर्यंत मऊ पडले होते. आईने कल्ले उघडून पाहिले, लाल नव्हते; ते बांगडे टाकले आणि पिठलं केलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मावशीने पुन्हा तसेच गढूळ डोळ्यांचे बांगडे उचलले. वितळत्या बर्फाचं पाणी माझ्या चपलेत शिरत होतं. पळून जावंसं वाटलं, पण जाणार कुठे? मुंबईची खोली आता आमची नव्हती. इथेच राहायचं होतं, दर रविवारी इथेच यायचं होतं.

तेव्हा मला मावशीचा भयंकर राग आला होता. आज वाटतं, तिने टोमणा मारला नसता तर माझं तोंड उघडलंच नसतं. मी पिशवी मिटली.

"मावशी, हे नकोत. कल्ले उघडून दाखवा, लाल असतील तेच घेईन."