काकांच्या नकाशातलं झाड

हैदराबादेत तारनाक्याच्या आमच्या गल्लीत नक्शेकाकांना पत्ता विचारायची सोय नव्हती. अफझलगंजला बस कुठे थांबते, एवढं विचारलं तरी म्हणत, "दोन वर्षं झाली तिकडं जाऊन. आता कुठं थांबते, मला ठाऊक नाही." माझ्या ताईच्या लग्नपत्रिकेवर हॉलचा नकाशा छापायचा होता, तर हा गृहस्थ भर उन्हात दिलसुखनगरला जाऊन एकेक वळण पाहून आला आणि दोन दिवस तापानं पडून राहिला. बाबा चिडले. पांघरुणातून उत्तर आलं, "सुनीसुनाई नक्को. डोळ्यानं बघितलं तरच काढायचं."

रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांचा जन्म गेला. तिथे कधीकाळी एक जर्मन इंजिनियर कामाला होता. घरची आठवण आली की तो आपल्या खेड्याबद्दल बोलत बसे आणि काका ते कागदावर उतरवून घेत. "तो बघून आलेला माणूस," ही त्यांनी स्वतःला दिलेली एकमेव सूट. उतरणीवर पन्नासेक घरं, खाली ओढा, ओढ्याकाठी लढाईत जळालेली पाणचक्की, टेकाडावर चर्च आणि चर्चपुढे लिंडनचं म्हातारं झाड. पूर्वी त्या झाडाखाली गावचे निवाडे होत. "आपल्या पारासारखं बघ," काका मला सांगत. गावाचं जर्मन नाव गल्लीत कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ते नुसतं 'काकांचं गाव' झालं. काकू वैतागत, "माझं माहेर विसरतील, पण ती चक्की नाही विसरायचे."

एकदा मी चिडवलं, की स्वतःचं गाव सोडून हे काय भलतंच? ते हसले नाहीत. "माझं गाव धरणात गेलं गं," म्हणाले. "नकाशा कुणी काढला नाही. आई सडा घालायची ते अंगण कुठं होतं, आता मला दाखवता येत नाही." त्यानंतर मी त्यांना कधी चिडवलं नाही.

इंजिनियर मायदेशी गेला, पण दर डिसेंबरात त्याचं पत्र येई. मग एका वर्षी पत्र आलं, की गावाखाली कोळसा आहे आणि खाणीसाठी गाव उठणार. नकाशात पाडलेलं बांधकाम पिवळं करतात. काका पिवळी पेन्सिल घेऊन बसले. पत्रात एक घर गेलं की नकाशात एक घर पिवळं होई. त्या दिवशी ते जेवणावरून लवकर उठत. पुढे इंजिनियरही वारला. चर्च आणि झाड तेवढं काळ्या शाईत राहिलं.

मी नोकरीसाठी जर्मनीला निघाले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. "एकदा जाऊन ये, बेटा. उरलंय का सांग." मी हो म्हटलं. पहिलं वर्ष घर लावण्यात गेलं, दुसरं कामात. तिसऱ्या वर्षी काकूंचा फोन आला, की काकांना आता ऑक्सिजनवर ठेवलंय. मी दुसऱ्याच दिवशी गाडी पकडली.

तिथे गाव नव्हतं. तारेचं कुंपण होतं आणि पलीकडे नजर पोचेना असा खड्डा. टेकाडसुद्धा खरवडून नेलेलं. मी तिथूनच फोन लावला.

"चर्च गेलं, काका."

मग त्यांनी विचारलं, "आणि झाड?"

"आहे."

"तू डोळ्यानं बघितलंस?"

"हौ, काका."

पंधरा दिवसांनी ते गेले. मी हैदराबादला आले तेव्हा काकूंनी नकाशाची गुंडाळी माझ्या हातात दिली. "तुलाच द्यायला सांगितलंय. फोन झाल्यावर उठून बसले होते गं, पेन मागून घेतलं." सगळं गाव पिवळं होतं, चर्चसुद्धा. झाडावर मात्र नव्यानं काळी शाई फिरवली होती. त्यांनी पानंही काढली होती. शेजारी लिहिलं होतं, 'झाड उभे आहे. प्रत्यक्ष पाहणीनुसार.' आणि खाली माझं नाव.

न बघितलेल्याच्या सांगण्यावरून काकांनी कधी काही काढलं नाही. त्या कागदावर खोटं असं एकच आहे आणि ते माझ्या नावावर आहे. दोनदा मी पिवळी पेन्सिल घेऊन बसले, पण हात पुढे गेला नाही. गुंडाळी कपाटात वर आहे.

काकू फोनवर विचारतात, "भिंतीला लावलास का गं नकाशा?"

मी म्हणते, "हौ, काकू."